परिकल्पनेला बळकटी कशाने येते?

‘पुढीलपैकी कोणते विधान, खरे मानल्यास, वरील परिकल्पनेला सर्वाधिक बळकटी देते?’ स्पर्धा परीक्षांच्या तर्कक्षमता विभागात हा प्रश्न आता नेमाने भेटतो. अमेरिकेतील कायदा आणि व्यवस्थापन शाखांच्या प्रवेशपरीक्षांनी तो रूढ केला. तिथून तो आपल्याकडच्या तशाच परीक्षांत आला, आणि २०१३ पासून महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवा पूर्वपरीक्षेत सीसॅटचा पेपर सुरू झाल्यावर त्याचे भाईबंद मराठीतही दिसू लागले. प्रश्न एका ओळीचा आहे. पण त्या ओळीत अडखळण्याच्या जागा बऱ्याच आहेत आणि माझ्या अनुभवात त्यांतल्या बहुतेक गणिताच्या किंवा विज्ञानाच्या नसून भाषेच्या आहेत. साहित्याच्या अध्यापकाने या विषयात हात घालण्याचे कारण एवढेच.

बिदर शहराला लागून असलेल्या नौबादच्या परिसरातली मुले घरी मराठी बोलतात, शाळेत कन्नड शिकतात, बाजारात दखनीत व्यवहार करतात आणि परीक्षा इंग्रजीत देतात. काही उदगीर-लातूरकडे जाऊन मराठीत देतात. चार भाषांत वावरणारी ही मुले बुद्धीने कमी नाहीत. तरी या एका प्रश्नावर त्यांचे गुण जातात. एका जागेसाठी शेकडो अर्ज असतात तेव्हा दोन-अडीच गुणांचा हा प्रश्न कुणाचे वर्ष वाया घालवू शकतो. तेव्हा तो नीट उलगडून पाहणे भाग आहे.

आधी शब्दांचा गोंधळ दूर करू. शास्त्रज्ञ निरीक्षणांचा उलगडा व्हावा म्हणून जी तात्पुरती कल्पना मांडतो आणि जी पुढे तपासली जाते, तिला मराठीत कुणी ‘परिकल्पना’ म्हणते, कुणी ‘गृहीतक’, कुणी ‘अभ्युपगम’. त्यातला ‘गृहीतक’ हा शब्द सर्वांत घातक. कारण त्याच प्रश्नपत्रिकेत ‘विधान आणि गृहीतके’ नावाचा दुसरा प्रश्नप्रकार असतो, आणि तिथे गृहीतक म्हणजे बोलणाऱ्याने न बोलता धरून चाललेली गोष्ट. ‘छत्री घेऊन जा’ या वाक्यामागे पाऊस येण्याचा संभव गृहीत आहे. ते गृहीत तपासायचे नसते, ओळखायचे असते. परिकल्पना मात्र उघड मांडलेली असते आणि ती तपासायचीच असते. एकाच शब्दाने दोन्ही कामे केली की विद्यार्थी परिकल्पनेलाही आधीच मान्य झालेली गोष्ट समजतो. मान्य झालेल्या गोष्टीला बळकटी कशाला हवी, असे त्याला वाटते, आणि त्याचे वाटणे चुकीचे नाही. या लेखात मी ‘परिकल्पना’ हाच शब्द वापरतो आणि ‘गृहीतक’ दुसऱ्या अर्थासाठी राखून ठेवतो. प्रश्नपत्रिका काढणाऱ्यांनीही तसे केले तर बरे होईल.

‘बळकटी’ हा शब्द मात्र चांगला निवडला गेला आहे. भिंतीला टेकू दिला की ती बळकट होते, अढळ होत नाही. बळकटी देणे म्हणजे सिद्ध करणे नव्हे, एवढे त्या शब्दातच आहे. तरीही विद्यार्थी पर्याय वाचताना ‘यातून सिद्ध कुठे होते?’ असे विचारतात आणि बरोबर पर्याय सोडून देतात.

आता आमच्या गावचेच उदाहरण घेऊ. बिदरीची भांडी सर्वांना ठाऊक असतात. ती होतात कशी हे कमी जणांना ठाऊक असते. जस्तात थोडे तांबे मिसळून वस्तू ओततात, घासून गुळगुळीत करतात, मोरचुदाच्या पाण्याने तिला तात्पुरती काळपट करतात म्हणजे कोरलेली रेघ उठून दिसते. मग त्या खाचांत चांदीची तार किंवा पत्रा ठोकून बसवतात. शेवटी किल्ल्याची माती आणि नवसागर पाण्यात कालवून ते मिश्रण गरम करतात आणि वस्तू त्यात घालतात. जस्ताचा सगळा भाग गडद काळा होतो आणि चांदी पांढरीच राहते. कारागीर सांगतात की माती कुठलीही चालत नाही. किल्ल्यातल्या जुन्या वास्तूंच्या आतली, वर्षानुवर्षे ऊन आणि पाऊस न लागलेली माती हवी. जाणते कारागीर ती जिभेवर ठेवून पारखतात.

यावरून प्रश्न असा तयार होतो. एका अभ्यासकाची परिकल्पना आहे की हा काळा रंग मातीतल्या शोऱ्यामुळे येतो. पुढीलपैकी कोणते विधान, खरे मानल्यास, तिला सर्वाधिक बळकटी देते?

(अ) बिदरचे कारागीर कित्येक पिढ्या हीच माती वापरत आले आहेत.
(आ) शोरा पाण्यात विरघळतो, त्यामुळे उघड्यावरच्या मातीतून तो पावसाबरोबर वाहून जातो.
(इ) किल्ल्याची माती वारंवार धुऊन तिच्यातले सगळे क्षार काढून टाकले तर रंग येत नाही. त्याच धुतलेल्या मातीत फक्त शोरा मिसळला तर पुन्हा येतो.
(ई) शेतातली साधी माती वापरली तर रंग येत नाही.

वर्गात सर्वाधिक हात (अ)साठी वर येतात. त्यात गावाचा अभिमान आहे आणि तो मला आवडतो, पण पिढ्यान्‌पिढ्यांच्या वापरातून एवढेच कळते की माती उपयोगी पडते. ती का उपयोगी पडते याबद्दल (अ) गप्प आहे. दुसऱ्या क्रमांकाचे हात (ई)साठी असतात. शेतातल्या मातीने काम होत नाही, म्हणजे किल्ल्याच्या मातीत काहीतरी वेगळे आहे हे खरे. पण वेगळे काय? शोरा असेल, साधे मीठ असेल, चुना असेल, आणखी एखादा क्षार असेल. (ई) यांतल्या सगळ्यांना सारखाच आधार देते, म्हणून शोऱ्याच्या वाट्याला त्यातले फार थोडे येते.

(आ) हुशार विद्यार्थ्यांचा सापळा आहे, आणि तो पूर्ण खोटा सापळा नाही. ऊन-पाऊस न लागलेलीच माती का हवी, या कारागिरांच्या अनुभवाचा उलगडा त्यातून होतो. परिकल्पना त्या अनुभवाशी जुळते, म्हणजे थोडी बळकटी मिळते. पण मीठही पाण्यात विरघळते आणि तेही पावसाने वाहून जाते. (इ)मध्ये मात्र आधी सगळे क्षार काढले आणि मग त्यांतला एकच परत घातला. रंग गेला आणि आला. मीठवाल्याला आता उत्तर द्यावे लागेल की मीठ नसताना रंग का आला. प्रतिस्पर्धी स्पष्टीकरणाला अडचणीत आणणारी गोष्ट आपल्या परिकल्पनेला बळकटी देते; दोघांनाही सारखीच सोयीची असलेली गोष्ट फारशी देत नाही. या प्रश्नप्रकारातले मला महत्त्वाचे वाटणारे एकच सूत्र हे आहे.

(इ) वाचून एक विद्यार्थी म्हणाला, ‘‘पण सर, असं कुणी करून बघितलंय का?’’ प्रश्न योग्य होता, जागा चुकली होती. ‘खरे मानल्यास’ या दोन शब्दांचा अर्थच असा की ते खरे आहे की नाही याची चौकशी परीक्षेच्या त्या तीन मिनिटांपुरती बंद. वरची चारही विधाने मी प्रश्नासाठी रचली आहेत. ती खरी असती तर परिकल्पनेचे काय झाले असते, एवढेच विचारले आहे. आपल्या वाचनसंस्कारात हे थोडे परके आहे. छापलेले वाक्य खरे की खोटे हे आपण आधी ठरवतो आणि खोटे वाटले तर तिथेच सोडतो. कथा वाचताना मात्र आपण लेखकाचे जग खरे मानून चालतो आणि त्यात राहून विचारतो की हे पात्र असे का वागले. ‘खरे मानल्यास’ हा तसाच करार आहे. वाङ्मयाच्या विद्यार्थ्यांना मी हे असे सांगतो तेव्हा त्यांना ते लवकर पटते.

आता मराठीतला एक इवलासा शब्द. ‘किल्ल्याच्या मातीमुळे काळा रंग येतो’, ‘किल्ल्याच्या मातीमुळेच काळा रंग येतो’ आणि ‘किल्ल्याच्याच मातीमुळे काळा रंग येतो’ ही तीन वाक्ये बोलताना आपण सहज अदलाबदलीने वापरतो. तर्काच्या दृष्टीने ती तीन वेगळ्या परिकल्पना आहेत. पहिलीत माती हे एक कारण आहे, इतर असू शकतात. दुसरीत मातीवाचून रंग येणे शक्य नाही. तिसरीत दुसऱ्या कुठल्या गावची माती चालणार नाही. इंग्रजीत यासाठी वेगळा, सुटा शब्द येतो आणि डोळ्यांना दिसतो. मराठीत ‘च’ आधीच्या शब्दाला चिकटतो आणि घाईत वाचणाऱ्याच्या नजरेतून निसटतो.

त्या ‘च’ने किती फरक पडतो ते पाहा. बिदरी पद्धतीचे काम बिदरबाहेरही होत असे. लखनौ, मुर्शिदाबाद, बिहारमधील पूर्णिया या ठिकाणी काळ्या जमिनीवर चांदीचे काम केलेल्या वस्तू बनत. ही माहिती तिसऱ्या वाक्याला मोठा धक्का देते, कारण तिकडच्या कारागिरांना बिदरच्या किल्ल्यातली माती रोज मिळत होती असे मानणे कठीण आहे. पहिल्या वाक्याला ती हातही लावत नाही. आणि त्या ठिकाणच्या कारागिरांनी मातीऐवजी नुसता शोरा वापरला असे कळले, तर शोऱ्याच्या परिकल्पनेला तीच माहिती उलट बळकटी देईल. म्हणजे एकच वस्तुस्थिती एका परिकल्पनेला पाडते, दुसरीला तारते आणि तिसरीकडे बघतही नाही. पर्याय वाचण्याआधी परिकल्पना दोनदा वाचावी आणि तिच्यातले ‘च’, ‘ही’, ‘फक्त’, ‘मुख्यत्वे’ यांखाली पेन्सिलीची रेघ ओढावी, असे मी सांगतो ते यासाठी.

हा नुसता परीक्षेचा खेळ नाही. बिदरचा किल्ला संरक्षित स्मारक आहे आणि त्यातली जुनी, कोरडी माती अमर्याद नाही. रंग त्या मातीमुळेच येत असेल तर माती संपेल तेव्हा कलाही अडेल. रंग मातीतल्या एखाद्या क्षारामुळे येत असेल तर मार्ग निघू शकतो. कोणती परिकल्पना किती बळकट आहे यावर उद्याच्या कारागिराचे काम अवलंबून आहे.

कार्यकारणभावाबद्दल सावध राहण्याची रीत मराठीला नवी नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, असे आपण म्हणतो. कावळा बसला, फांदी मोडली; म्हणून कावळ्याने मोडली असे नव्हे. न्यायशास्त्रात यापुढचा विचार आहे. धुरावरून अग्नीचे अनुमान करता येते, पण अग्नीवरून धुराचे करता येत नाही. तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्यात अग्नी आहे, धूर नाही. धूर होण्यासाठी ओले सरपण लागते. ही जी मध्ये दडलेली अट, तिला नैयायिक ‘उपाधी’ म्हणतात. परीक्षेतले फसवे पर्याय बहुतेक वेळा अशा उपाधीवर उभे असतात: दोन गोष्टी बरोबर दिसतात आणि खरे कारण तिसरेच असते. तसेच ‘अन्वय’ आणि ‘व्यतिरेक’. हे असते तिथे ते असते, हा अन्वय. हे नसते तिथे ते नसते, हा व्यतिरेक. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ च्या आपल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात अन्वेषणाच्या ज्या रीती सांगितल्या, त्यांतल्या पहिल्या दोन याच्या फार जवळच्या आहेत. आमच्या (ई)मध्ये नुसता व्यतिरेक होता आणि तोही ढोबळ. (इ)मध्ये अन्वय आणि व्यतिरेक दोन्ही होते आणि मधल्या उपाध्या काढून टाकलेल्या होत्या.

रचलेल्या प्रश्नात हे सोपे दिसते. प्रत्यक्षात एखादी परिकल्पना कशी पायरीपायरीने बळकट होत जाते, हे पाहायचे तर मुंबईच्या प्लेगइतके चांगले उदाहरण माझ्या माहितीत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस या मूळ गोव्याच्या डॉक्टरांनी गाठीच्या तापाचा रोगी ओळखला. रोगाचा जंतू दोन वर्षांपूर्वीच, १८९४ मध्ये हाँगकाँगला, येर्सिन यांना सापडला होता. प्रश्न जंतूचा नव्हता. तो एका माणसातून दुसऱ्या माणसात जातो कसा, हा होता. श्वासातून, स्पर्शातून, कपड्यांतून, घाणेरड्या जमिनीतून, धान्यातून: प्रत्येक उत्तराचा कुणी ना कुणी पुरस्कर्ता होता, आणि त्या त्या उत्तरावरून सरकार वागत होते. घरे धुतली जात होती, सामान जाळले जात होते, रोग्यांना उचलून नेले जात होते. पुण्यात १८९७ मध्ये या उपायांवरून काय झाले ते सांगायला नको. चुकीच्या किंवा अर्ध्या परिकल्पनेवर घरे उघडी पडत होती. याच साथीत रोग्यांची सेवा करताना १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या.

लोकांना एक गोष्ट दिसत होती: आधी उंदीर पडतात, मग माणसे. उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालाव्यात, हे शहाणपण त्यातून आले. पण हा अन्वय झाला. उंदीर आणि माणसे दोघेही एकाच विषारी जमिनीमुळे मरत असतील, उंदीर जमिनीला जवळचा म्हणून आधी मरत असेल, तर? इथे जमीन ही उपाधी ठरते. उंदीर आधी मरणे दोन्ही स्पष्टीकरणांना सारखेच सोयीचे आहे.

फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये परिकल्पना मांडली की मेलेल्या उंदराच्या अंगावरची पिसू हा रोग पुढे नेते. ताजा मेलेला उंदीर हाताळणारा सापडतो आणि बऱ्याच वेळापूर्वी मेलेला हाताळणारा सुटतो, असे त्यांचे निरीक्षण होते. शरीर थंड पडले की पिसवा ते सोडून जातात, हे त्यांना ठाऊक होते. काही रोग्यांच्या अंगावर त्यांना बारीक फोड दिसला आणि तो दंशाच्या जागी असावा असे त्यांनी मानले. २ जून १८९८ रोजी कराचीत त्यांनी एका मोठ्या काचेच्या बरणीत प्लेगने आजारी, पिसवा असलेला उंदीर ठेवला. वर जाळीच्या लहान पिंजऱ्यात निरोगी उंदीर टांगला, असा की दोघांचा स्पर्श होऊ नये. आजारी उंदीर मेला. काही दिवसांनी वरचाही मेला आणि त्याच्या शरीरात प्लेगचे जंतू सापडले.

वर्गात मी इथे थांबतो आणि विचारतो की या प्रयोगाने कोणते प्रतिस्पर्धी बाद झाले. स्पर्श बाद झाला. जमीन आणि खाणे बाद झाले. हवा मात्र बाद झाली नाही, कारण जाळीतून पिसू जाते तशी हवाही जाते. म्हणून पिसवा काढून टाकलेल्या उंदरांवर केलेला त्यांचा दुसरा प्रयोग अधिक मोलाचा आहे. तिथे रोग पुढे गेला नाही. हवा तीच होती, पिसू तेवढी नव्हती. व्यतिरेक पुरा झाला.

तरी त्या वेळच्या सरकारी प्लेग आयोगाने ही परिकल्पना मानली नाही. इतर कित्येकांनी प्रयोग करून पाहिले आणि त्यांना ते साधले नाहीत. आपण आज त्यांना हसतो, पण मला त्यात थोडा अन्याय वाटतो. बरणीत दोन उंदरांत जे घडते ते मुंबईच्या चाळीत माणसांबाबत घडते, ही उडी मोठी होती. पिसवांच्या जाती अनेक. उंदराची पिसू माणसाला चावते का, हाच वाद होता.

त्या वादात नेमका टेकू मुंबईत काम करणाऱ्या ग्लेन लिस्टन यांनी दिला. एरवी माणसांच्या अंगावर पकडलेल्या २४६ पिसवांत उंदराची पिसू एकच निघाली होती. ज्या इमारतीत नुकतेच उंदीर मेले होते, तिथल्या माणसांच्या अंगावर मिळालेल्या ३० पिसवांत मात्र १४ उंदराच्या होत्या. हे दोन आकडे मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहितो. नुसते ‘३० पैकी १४’ सांगितले असते तर बळकटी कमी होती. नेहमीच तसे असेल, असे कुणी म्हणाला असता. ‘२४६ पैकी १’ शेजारी आल्यावर आकडा बोलू लागतो. परीक्षेत तुलनेचा गट असलेला पर्याय बहुधा नसलेल्या पर्यायापेक्षा वजनदार का असतो, ते इथे दिसते.

पुढे १९०५ मध्ये नेमलेल्या संशोधकांनी परळच्या प्लेग प्रयोगशाळेत, म्हणजे आजच्या हाफकिन इन्स्टिट्यूटच्या जागी, एकेका प्रतिस्पर्ध्याला बाहेर काढले. पिसवा नसतील अशी व्यवस्था करून निरोगी गिनीपिग आजारी गिनीपिगांबरोबर ठेवले. एकत्र राहणे, एकत्र खाणे, मलमूत्राचा संसर्ग, सगळे झाले. रोग झाला नाही. आजारी आईचे दूध पिणारी पिलेही पिसवांवाचून वाचली. पिसवा सोडल्या की साथ पसरली. मग सर्वांत देखणा प्रयोग: एक पिंजरा जमिनीपासून दोन इंचांवर, दुसरा दोन फुटांवर. खोली तीच, हवा तीच, वास तोच. खालचे प्राणी आजारी पडले, वरचे राहिले. पिसू चार-पाच इंचांहून उंच उडी सहसा मारत नाही. माकडांबाबतही तसेच: ज्या पिंजऱ्याभोवती चिकट पदार्थाचा रुंद पट्टा होता, त्यातले माकड वाचले, दुसऱ्या, उघड्या पिंजऱ्यातल्याला प्लेग झाला. हवेने रोग पसरतो म्हणणाऱ्याला आता सांगावे लागणार होते की हवा दोन इंचांवर असते आणि दोन फुटांवर नसते का.

त्यांनी शहरातल्या मृत्यूंचा क्रमही लावला. आधी गटारांतले तपकिरी उंदीर मरत, सरासरी दहा दिवसांनी घरांतले काळे उंदीर, आणि त्यानंतर दहा ते चौदा दिवसांनी माणसे. लोकांनी ‘आधी उंदीर, मग माणसे’ असे जे पाहिले होते तेच हे, पण आता त्यात दिवस मोजलेले होते. मोजलेल्या अंतराने उलट्या कार्यकारणभावाची, म्हणजे माणसांकडून उंदरांना रोग जातो या शंकेची, वाट बंद झाली. एक दुवा उरलाच होता: पिसू जंतू पुढे देते ते नेमके कसे? १९१४ मध्ये लंडनच्या लिस्टर इन्स्टिट्यूटमधील बॅकॉट आणि मार्टिन यांनी दाखवले की जंतू पिसवेच्या पचनमार्गात वाढून तो तुंबवतात. भुकेली पिसू पुन्हा पुन्हा चावते आणि शोषलेले रक्त जंतूंसह जखमेत परत जाते. कारण आणि परिणाम यांच्यातली यंत्रणा दाखवणे हाही बळकटीचा एक प्रकार आहे आणि परीक्षेतही तो येतो. सिमाँ ते बॅकॉट, सोळा वर्षे. यांतल्या कुठल्याही एका टप्प्यावर ‘सिद्ध झाले’ असे म्हणणे घाईचे ठरले असते. प्रत्येक टप्प्यावर ‘बळकटी मिळाली’ म्हणणे बरोबर होते.

प्रश्न रचणाऱ्यांबद्दल थोडे. मराठी प्रश्नपत्रिकांतले या प्रकारचे प्रश्न बहुतेक वेळा इंग्रजीवरून उतरवलेले असतात. एकेक वाक्य चार ओळींचे, तीन ‘जे’ आणि दोन ‘की’ असलेले. त्यात तर्काची परीक्षा होण्याऐवजी वाक्य सोडवण्याची होते. मराठीला जोडवाक्ये वर्ज्य नाहीत, पण आपली सवय आधी गोष्ट सांगून मग प्रश्न विचारण्याची आहे. निरीक्षण दोन वाक्यांत, परिकल्पना एका वाक्यात आणि तिच्या आधी ‘परिकल्पना अशी:’ एवढे लिहिले तर प्रश्नाची काठिण्यपातळी खाली येत नाही. फक्त ती योग्य जागी, पर्यायांत, येते. दुसरे असे की उदाहरणे सॅल्मन मासे आणि मेपलच्या झाडांचीच का असावीत? मराठवाड्यात, बिदर-कलबुर्गीत तूर आहे, जांभा दगड आहे, बिदरी आहे. ओळखीच्या वस्तूंवर विद्यार्थी अधिक प्रतिस्पर्धी स्पष्टीकरणे सुचवू शकतो, आणि तेच तर शिकवायचे आहे. ओळखीचा एक धोकाही आहे. (अ)साठी वर आलेले हात मी विसरलेलो नाही. पण तो धोका वर्गात पत्करावा. परीक्षेच्या खोलीत तो परवडत नाही.

म्हणून वर्षाच्या शेवटी मी पर्याय देत नाही, मुलांनाच रचायला लावतो. विषय नौबादचाच असतो. इथे जमिनीखाली बहमनी काळातली, इराणी कनातीच्या धर्तीची जलवाहिनी आहे. दोन किलोमीटरहून लांब, जांभ्या दगडात खणलेली. ठरावीक अंतराने वरून तिच्यात उतरणारी उभी विवरे आहेत. लोक तिला सुरंग बावी म्हणतात, आणि सुरंग म्हटले की चोरवाटेची कल्पना आपोआप येते. तेव्हा दोन परिकल्पना: ही पाण्याची वाट आहे, ही पळून जाण्याची वाट आहे. पहिलीला बळकटी देणारी, पण दुसरीला न देणारी विधाने लिहा, असे सांगतो.

पहिले विधान जवळजवळ प्रत्येक वहीत सारखेच असते: विवरे आहेत, त्यांतून पाणी शेंदत असतील. मग कुणीतरी म्हणते की पळणाऱ्यांनाही हवा लागतेच. विवरे खोडली जातात. जांभ्या दगडातून झिरपलेले पाणी खालच्या घट्ट थराशी अडते आणि वाहिनी त्याच सुमारास जाते का, हे एकजण लिहितो. दुसरी लिहिते की तळाला सगळीकडे एकाच दिशेने हलका उतार असेल तर ते पाण्याचे लक्षण, माणसाला उताराची गरज नाही. तिसरा विचारतो की वाट जिथे सुरू होते तिथे राजवाडा आहे की झरा. गेल्या वर्षी एका मुलीने लिहिले होते, ‘आत माणूस वाकून चालतो एवढीच उंची असेल तर ती पाण्याची.’ शेजारच्या बाकावरून लगेच आवाज आला, ‘‘पळताना कोण ताठ चालतं?’’ तिने ते विधान खोडले आणि उताराच्या बाजूने दुसरे लिहायला घेतले.